हापशाचा दांडा, आपला हात आणि शरीरातल्या तरफा

गोदाकाठ (धागाकर्ता)

गावोगावी शाळेच्या पटांगणात अजून हापसे उभे आहेत. पाचवीतलं पोरगंही तो हापसतं, आणि पाणी असतं तीस मीटर खाली. इंडिया मार्क २ पंपाच्या सिलिंडरचा व्यास ६३.५ मिलिमीटर. त्यावर तीस मीटर उंच पाण्याचा स्तंभ धरला तर त्याचं वजन साधारण ९५ किलो भरतं. लोखंडी सळईचं वजन वेगळंच. एवढं ओझं त्या पोराला कसं झेपतं? कारण दांडा ही तरफ आहे, म्हणजे टेकूभोवती फिरणारी दांडी. तिची लांब बाजू त्याच्या हातात, आखूड बाजू सळईकडे, आणि दोन्हींचं प्रमाण आठास एक. १२-१५ किलोचा जोर लावला की काम होतं. त्याच्या बदल्यात दांडा आठपट जास्त अंतर वर-खाली करावा लागतो.

आपल्या भागातल्या वाचकांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. या पंपाची वंशावळ जालन्यापर्यंत जाते. ओतीव लोखंडाचे जुने पंप सतत मोडायचे, म्हणून तिथल्या मिशनच्या लोकांनी दणकट पोलादी पंप बनवला. त्याला 'जालना पंप' म्हणायचे. त्याच धर्तीवर सोलापूर पंप आला आणि मग १९७० च्या दशकात युनिसेफच्या पुढाकारानं इंडिया मार्क २. बाहत्तरच्या दुष्काळाच्या आठवणी जिथं अजून निघतात, त्या मुलखातून ही तरफ देशभर गेली याचा मला अभिमान वाटतो.

आता तेच पोरगं भरलेली बादली उचलतं. बादली दहा किलोची धरू, कोपर काटकोनात वाकवलेलं. इथंही तरफच आहे. टेकू म्हणजे कोपराचा सांधा. भार तळहातात, सांध्यापासून साधारण ३५ सेंटिमीटरवर. दंडाचा स्नायू, आपण ज्याला बेटकुळी म्हणतो तो, हाताच्या हाडाला चिकटतो सांध्यापासून जेमतेम ५ सेंटिमीटरवर. म्हणजे भारभुजा (टेकूपासून भारापर्यंतचं अंतर) बलभुजेच्या (टेकूपासून बलापर्यंतच्या अंतराच्या) सातपट. दहा किलोची बादली नुसती धरून ठेवायला स्नायूंना ७० किलोचा ओढा लावावा लागतो, आणि कोपराखालच्या हाताचं स्वतःचं वजन धरलं तर पाच-सहा किलो आणखी. (हा ओढा बेटकुळी एकटी लावत नाही, तिच्याखालचे आणि बाजूचे स्नायूही वाटून घेतात.)

हापशात आठपट फायदा आणि त्याच्या दांड्यावरच्या हातात सातपट तोटा, असा हा उलटा हिशोब. वर्गात हे सांगितलं की मुलं विचारतात, "सर, मग शरीर चुकीचं बनलंय का?" प्रश्न फार चांगला आहे. उत्तरासाठी जोर सोडून हालचालीकडे बघावं लागतं. स्नायूला एकच काम येतं, आखडणं. तो ढकलू शकत नाही, आणि आखडतोही मर्यादेतच. तो सांध्याजवळ चिकटलेला असल्यामुळे एक सेंटिमीटर आखडला की तळहात सात सेंटिमीटर सरकतो, आणि सातपट वेगानं सरकतो. गोफण फिरवणं, विटी टोलवणं, भाकरी थापणं हे सगळं त्या वेगाचं देणं आहे. स्नायू मनगटापाशी चिकटला असता तर ओझं हलकं वाटलं असतं, पण हात धड तोंडापर्यंत पोचला नसता, आणि कोपराच्या बेचक्यात मांसाचा पडदा लोंबला असता.

निसर्गात दोन्ही सौदे दिसतात. जमीन उकरणाऱ्या प्राण्यांच्या कोपरामागचं हाड लांब असतं, म्हणजे बलभुजा मोठी, जोर जास्त. काळवीट, घोडा यांच्यात पायाच्या लांबीच्या मानानं ते आखूड असतं, म्हणून पाय झपकन फिरतो.

हे गणित सगळ्यात आधी नीट मांडलं इटलीच्या जोव्हानी बोरेल्ली यानं. त्याआधी समज असा होता की थोड्या बळानं मोठं ओझं हलवायची सोय शरीरात असणार. बोरेल्लीनं आर्किमिडीजचा तरफेचा नियम हाडांना लावला आणि दाखवलं की स्नायूंना ओझ्यापेक्षा कितीतरी जास्त बळ लावावं लागतं. त्याचा ग्रंथ तो वारल्यावर, १६८०-८१ मध्ये छापला गेला.

तरफेचे तीन प्रकार शाळेत सगळ्यांनीच केलेत, त्यामुळे थोडक्यात. टेकू मध्ये असला की पहिला. मान तशी आहे: डोकं पहिल्या मणक्यावर टेकलेलं, वजन थोडं पुढच्या बाजूला, ओढणारे स्नायू मागे. एस.टी.त डुलकी लागली की मान पुढे पडते ती यामुळेच, मागचे स्नायू सैल पडतात. भार मध्ये असला की दुसरा, चवड्यांवर उभं राहण्याचं उदाहरण पुस्तकात देतात. बल मध्ये असलं की तिसरा, म्हणजे वरची बादली. शरीरातल्या बहुतेक तरफा या तिसऱ्या प्रकारच्या.

धागा काढायचं खरं कारण कंबर आहे. आपल्याकडची कामं आठवा: कापूस वेचणी, ऊसतोड, मोंढ्यातली हमाली, पाण्याचे हंडे. सगळी वाकून किंवा उचलून करायची. साठ किलोचा माणूस कमरेत पूर्ण वाकला की कमरेच्या वरचं धड, डोकं आणि हात मिळून साधारण ३५ किलो पुढे लटकतात. त्यांचं वजन सरासरी २५ सेंटिमीटर पुढे पडतं असं धरा. त्याला तोलून धरणारे पाठीचे स्नायू मणक्याच्या मध्यापासून फक्त ५ सेंटिमीटर मागे. ३५ गुणिले २५ भागिले ५, म्हणजे १७५ किलो. हातात काहीही नसताना! आता हातात २० किलो घेतले, ४० सेंटिमीटर पुढे. त्याचे आणखी १६० किलो. एकूण ३३५. हा सगळा ओढा मणक्यांमधल्या गादीवर दाब म्हणून येतो. अमेरिकेतल्या निऑश या कामगार-आरोग्य संस्थेनं १९८१ मध्ये या गादीसाठी सावधगिरीची रेषा आखली ती ३४०० न्यूटनची, म्हणजे सुमारे ३५० किलो वजनाएवढी. वीस किलोत आपण त्या रेषेला टेकलो.

म्हणून माझं म्हणणं असं की ओझं किती किलोचं हे आपण नेहमी विचारतो, तसंच ते अंगापासून किती लांब आहे हेही विचारायला हवं. तुमच्या कामात, खेळात हे कसं दिसतं ते लिहा.

मोंढ्यातला

गोदाकाठ सर, लई बारकाईनं लिहिलंय. मी आडतीवर दिवाणजी आहे, सोयाबीन-तुरीच्या सीझनला हमालांचं काम रोज डोळ्यासमोर असतं. जुने हमाल पोतं कधीच हातावर घेत नाहीत. दोघं आकड्यानं उचलून देतात, तिसरा पाठ वळवून खाली शिरतो, पोतं दोन्ही खांद्यांच्या मधोमध घेतो आणि किंचित वाकूनच चालतो. नवीन पोरगं आलं की ते पोटाशी धरून उचलायला बघतं आणि चार दिवसांत कंबर धरून बसतं. असं का होतं ते आज आकड्यात समजलं. पोतं पाठीवर असताना भारभुजा किती धरायची?

गोदाकाठ

मोंढ्यातला भाऊ, तुम्ही जे किंचित वाकणं सांगितलंत तेच उत्तर आहे. ताठ उभं राहिलं तर पोत्याचं वजन मणक्याच्या मागे पडेल आणि माणूस मागे कलंडेल. थोडं वाकलं की पोत्याचं वजन जवळजवळ कमरेच्या सांध्यावरून सरळ खाली जातं. भारभुजा दोन-चार सेंटिमीटरवर येते, कधी शून्याजवळ. पण एवढ्यानं भागत नाही. पोत्याचं स्वतःचं वजन मणक्यावर, गुडघ्यावर येतंच, ते कोणत्याही युक्तीनं कमी होत नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं १९६७ च्या शिफारशीत प्रौढ पुरुष कामगारानं एका वेळी ५५ किलोपेक्षा जास्त वाहू नये असं सुचवलं होतं. क्विंटलचं पोतं त्याच्या जवळपास दुप्पट होतं.

वाळूज_शिफ्ट

लेख आवडला, पण एका ठिकाणी अडलो. चवड्यांवर उभं राहणं दुसऱ्या प्रकारची तरफ. टेकू चवडा, भार घोट्यापाशी, बल टाचेला. चवडा ते घोटा १२ सेंमी आणि घोटा ते टाचेची शीर ५ सेंमी धरले तर बलभुजा १७, भारभुजा १२. साठ किलोच्या माणसाला एका पायावर टाच उचलायला पोटरीचा ओढा फक्त ४२ किलो? वजनापेक्षा कमी? मी आत्ता एका पायावर करून बघितलं. दहा-बारा वेळात पोटरी पेटली. मशीनवर काम करतो, ४२ किलो असं वाटत नाही. कुठंतरी गणित फसतंय.

गोदाकाठ

ही शंका काढल्याबद्दल मनापासून धन्यवाद. पुस्तकातलं चित्र इथं अपुरं आहे.

पहारीनं दगड उचलताना आपण दगडाच्या बाहेर उभे असतो, बल बाहेरून येतं. पोटरीचं तसं नाही. तिचं खालचं टोक टाचेला आणि वरचं टोक गुडघ्याच्या बाजूला, म्हणजे ज्या शरीराला उचलायचं त्यालाच बांधलेलं आहे. पोटरी टाच जेवढ्या जोरानं वर ओढते, तेवढ्याच जोरानं नडगीचं हाड खाली दाबते. त्यामुळे घोट्यावरचा भार नुसता ६० किलो राहत नाही, तो ६० अधिक पोटरीचा ओढा एवढा होतो.

आता चवड्याभोवती मांडा. ओढा गुणिले १७ बरोबर (६० अधिक ओढा) गुणिले १२. सोडवलं की ओढा गुणिले ५ बरोबर ७२०. ओढा आला १४४ किलो. आणि घोट्याच्या सांध्यावर दाब २०४ किलो.

दुसरीकडून पडताळा बघा. टेकू चवड्याऐवजी घोटा माना. जमीन चवड्याला ६० किलोनं वर ढकलते, १२ सेंमीवर. पोटरी मागून ओढते, ५ सेंमीवर. ६० गुणिले १२ भागिले ५, पुन्हा १४४. घोट्याकडून बघितलं तर ही मानेसारखी पहिल्या प्रकारची तरफ ठरते, टेकू मध्ये. प्रकार कोणता यावर वाद घालत बसण्यापेक्षा १४४ हा आकडा महत्त्वाचा, कारण तुमच्या पोटरीनं तोच सांगितला.

वाळूज_शिफ्ट

स्नायूचं दुसरं टोकही शरीरालाच बांधलंय, हा मुद्दा पकडला की सगळं सुटतं. कागदावर बाण काढले, २०४ बरोबर आला. मुलीला दाखवतो.

मांजराकाठ

मी फिजिओथेरपिस्ट आहे, लातूर भागात काम करते. वरची चर्चा वाचून राहवलं नाही म्हणून दोन गोष्टी लिहिते.

पहिली कमरेची. उचलताना वाकायचं कुठं, या प्रश्नावर प्रत्यक्ष मोजमाप झालेलं आहे. १९९९ साली जर्मनीत एका स्वयंसेवकाच्या मणक्यातल्या गादीत दाबमापक बसवून त्याला वेगवेगळी कामं करायला लावली. नुसतं उभं असताना दाब ०.५ मेगापास्कल. वीस किलोचं ओझं पाठ गोल करून उचललं तेव्हा २.३. गुडघे वाकवून, पाठ सरळ ठेवून उचललं तेव्हा १.७. आणि तेच ओझं उभं राहून छातीशी धरलं तेव्हा १.१. माणूस एकच होता, हे लक्षात ठेवायला हवं. पण आकड्यांची दिशा सरांच्या गणिताशी जुळते. मी पेशंटना एकच सांगते, हंडा असो की लेकरू, आधी पोटाशी घ्या आणि मग उठा. गुडघे वाकवले पण हंडा दोन फूट पुढेच राहिला, तर फायदा होत नाही.

दुसरी काठीची. आपल्याकडे म्हातारी माणसं दुखऱ्या बाजूच्या हातात काठी धरतात. काठी उलट्या हातात हवी. उजवा खुबा दुखत असेल तर काठी डाव्या हातात.

कारण तरफच आहे. चालताना प्रत्येक पावलाला आपण क्षणभर एका पायावर असतो. उजव्या पायावर असताना शरीराचं वजन उजव्या खुब्याच्या आतल्या बाजूला, साधारण १० सेंमीवर पडतं. कंबर डावीकडे झुकू नये म्हणून खुब्याच्या बाहेरचे स्नायू ओढतात, त्यांची भुजा ५ सेंमी. म्हणून त्यांना वजनाच्या दुपटीच्या आसपास ओढावं लागतं, आणि खुब्याच्या वाटीवर एकूण दाब येतो वजनाच्या अडीच-तीन पट. आता डाव्या हातातल्या काठीवर फक्त पाच किलोचा जोर द्या. काठी खुब्यापासून ३५ सेंमी तरी लांब असते. पाच गुणिले ३५ भागिले ५, स्नायूंचा ३५ किलोचा ओढा कमी झाला. त्याच बाजूच्या हातात काठी धरली तर ही भुजा मिळतच नाही. जर्मन अस्थितज्ज्ञ पाउवेल्स यांनी हे १९३० च्या दशकातच मांडलं होतं.

पैठण_पायी

मांजराकाठ ताई, माझ्या आईचा गुडघा दुखतो, खुबा नाही. तिला तुळजापूरला जायचंय, पायऱ्या उतरताना फार त्रास होतो. चढताना एवढा होत नाही म्हणते. असं का? आणि काठी किती उंच घ्यायची?

मांजराकाठ

तुमच्या आई बरोबर सांगतायत. ज्यांचे गुडघे बदललेत अशा पेशंटच्या कृत्रिम सांध्यात मापक बसवून बर्लिनच्या गटानं मोजलंय. सपाट चालताना गुडघ्यावर दाब वजनाच्या सुमारे २.६ पट, पायऱ्या चढताना ३.२ पट आणि उतरताना जवळजवळ ३.५ पट. उतरताना मांडीच्या पुढच्या स्नायूला लांब होता होता शरीर रोखून धरावं लागतं आणि गुडघा वाकलेला असतो, म्हणजे वजन गुडघ्याच्या मागे पडतं, भारभुजा वाढते. गुडघ्याची वाटी तिथं खूप मदत करते. ती स्नायूच्या शिरेला सांध्यापासून पुढे उचलून धरते, त्यामुळे बलभुजा वाढते.

काठी इथंही उलट्या हातात. आईंना चपला घालून सरळ उभं करा, हात मोकळे सोडायला सांगा. मनगटाच्या घडीएवढी काठीची मूठ हवी, म्हणजे धरल्यावर कोपर थोडं वाकलेलं राहतं. उतरताना आधी काठी आणि दुखरा पाय खाली, मग चांगला पाय. चढताना आधी चांगला पाय. आणि दुसऱ्या हाताला कठडा किंवा तुमचा हात असू द्या.

लालमाती

तालमीतलं कुणी बोलेना म्हणून लिहितो. वस्ताद आम्हाला सांगायचे, अंगाला अंग लागल्याशिवाय डाव लागत नाही. धोबीपछाड मारताना पैलवानाचा हात ओढून त्याच्या पोटाखाली आपली कंबर घालायची. समोरचा ऐंशी-नव्वद किलोचा असला तरी तो आपल्या कमरेवर आला की हलका होतो. एक वीत जरी अंतर राहिलं तर आपलीच पाठ मोडायची वेळ येते. तुमच्या हिशोबानं ती वीत म्हणजे भारभुजा.

मुदगलाचंही तसंच. वजन सारखं असलं तरी लांब मुदगल नवख्याला फिरवता येत नाही. पहिल्यांदा मूठ आखूड धरायला शिकवतात.

गोदाकाठ

लालमाती, अगदी नेमकं. एक वीत म्हणजे २० सेंमी धरली तर नव्वद किलोला पाठीच्या स्नायूंवर ३६० किलोचा जादा ओढा. आणि तुम्ही हात ओढता, तेव्हा त्याचं वजन त्याच्या पायाच्या बाहेर काढता. तो आधीच पडायला लागलेला असतो, तुम्ही फक्त कंबरेचा टेकू देता.

बालाघाट

मी धारूर तालुक्यातला. माझे माय-बाप ऊसतोडीला जायचे, मी पण कारखान्यावर वाढलोय. आता शिकून नोकरीला लागलो. हा धागा वाचून मायची पाठ आठवायलीय.

ऊस बुडातून तोडावा लागतो, साखर बुडाकडं जास्त असती. वर तोडला की मुकादम बोलतो. म्हणून दिवसभर वाकूनच कोयता चालवायचा. मग मोळी बांधायची, डोक्यावर घ्यायची आणि ट्रकला लावलेल्या फळीवरून वर चढायचं. रात्री-बेरात्री गाडी आली तरी भरायची. बाया पण भरतात. गाडी भरताना लोक म्हणतात डोक्यावरचं ओझं वाईट. पण माय म्हणायची, मोळी डोक्यावर घेतली की कंबरेला बरं वाटतं, तोडताना जीव जातो. मला हे कधी समजलं नाही. तोडताना तर हातात फक्त कोयता असतो.

मांजराकाठ

बालाघाट भाऊ, तुमच्या आईंनी जे सांगितलं तेच सरांच्या १७५ किलोचं गणित आहे. वाकल्यावर स्वतःच्या धडाचं वजनच ओझं होतं, आणि ते तासन्‌तास राहतं. खूप वाकलं की स्नायू ढिले पडतात आणि सगळा ताण मणक्यामागच्या अस्थिबंधांवर, म्हणजे हाडांना एकमेकांशी बांधणाऱ्या पट्ट्यांवर जातो. ते हळूहळू ताणले जातात, आणि काम थांबवल्यावरही लगेच पूर्ववत होत नाहीत. डोक्यावरची मोळी मणक्याच्या सरळ रेषेत असते, भारभुजा नसल्यासारखी. म्हणून कंबरेला बरं वाटतं. पण मानेच्या मणक्यांवर ते सगळं वजन सरळ दाब म्हणून येतं, आणि फळीवर तोल जरा ढळला की भुजा एकदम वाढते. त्या फळीवरचे अपघात ऐकलेले आहेत. माझ्याकडे ऊसतोडीहून आलेल्या बाया कंबर आणि मान दोन्ही घेऊन येतात.

करता येण्यासारखं थोडंच आहे, पण आहे. वीस-पंचवीस मिनिटांनी सरळ उभं राहून हात कंबरेवर ठेवून हलकंसं मागे वाकायचं. तोडून झाल्या झाल्या लगेच मोळी उचलायची नाही, आधी दोन मिनिटं चालायचं. मोळी एकट्यानं जमिनीवरून उचलायची नाही, दोघांनी डोक्यावर द्यायची.

बालाघाट

ताई, तोडीवर थांबायला मिळत नाही. टनावर पैसे असतात आणि उचल फेडायची असती. पण तोडल्यावर मोळ्या बांधायच्या आधी दोन मिनिटं उभं राहणं जमंल, ते भावकीतल्या पोरांना सांगतो. ते औंदाही चाललेत.

गोदाकाठ

बालाघाट, हे तुम्ही लिहिलंत ते फार मोलाचं. थांबायला मिळत नाही ही गोष्ट तरफेच्या गणितात बसत नाही, ती दराच्या आणि कराराच्या गणितात आहे. तिथं बोलणारी माणसं वेगळी आहेत आणि त्यांनी हे आकडे जरूर वापरावेत. कोयत्याचा दांडा लांब केला तर वाकणं कमी होईल का, यावर कुणी काम केलं असेल तर इथं लिहा. दांडा लांब म्हणजे मनगटावरचा भार वाढणार, त्यामुळे उत्तर सोपं नाही.

नववी_तुकडी_ब

सर, मी शिक्षिका आहे, हिंगोलीकडच्या शाळेत विज्ञान शिकवते. बादलीचा हा हिशोब मुलांना हातानं करून दाखवता येईल असं काही सुचवाल का? प्रयोगशाळा नावालाच आहे.

गोदाकाठ

मॅडम, ४० सेंमीची लाकडी पट्टी, एक खिळा आणि सामान तोलायचा ताणकाटा एवढंच लागतं. पट्टीच्या एका टोकाजवळ भोक पाडून ती फळ्याच्या चौकटीला खिळ्यावर सैल अडकवा, खिळा म्हणजे कोपर. खिळ्यापासून ५ सेंमीवर दुसरं भोक, त्यात ताणकाट्याचा आकडा. ३५ सेंमीवर अर्धा किलो मिठाचा पुडा टांगा. एका मुलाला ताणकाटा सरळ वर ओढून पट्टी आडवी धरायला सांगा. काटा साडेतीन किलोच्या थोडा वर जाईल. तो वरचा भाग पट्टीच्या स्वतःच्या वजनाचा, म्हणून आधी मीठ न टांगता एकदा मोजून घ्या आणि वजा करा. मग पुडा ३५ वरून २०, १० असा आत सरकवत न्या आणि प्रत्येक वेळी काटा मुलांनाच वाचू द्या. काटा तिरका धरला की आकडा वाढतो. तेही मुलांच्या लक्षात येईल, त्यावर वेगळा तास घेता येतो.